स्वस्तातली बंदूक घेताय? मालकाला आधी विचारा, "काडतुसं किती झाडलीत?"

दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी गाठतंच. कधी महाराज बाड्याच्या चौकात, कधी लग्नाच्या पंगतीत. "काका, लायसन झालंय एकदाचं. पण बजेट कमी आहे. स्वस्तातली घेतली तर ऐन वेळी दगा नाही ना देणार?"

आमच्या ग्वाल्हेरात हा प्रश्न नवा नाही. ज्या लष्कर भागात आम्ही राहतो त्याचं नावच मुळी दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेलं, आणि पलीकडे चंबळचा पट्टा. इथल्या जुन्या मराठी घरांत गोदरेजच्या कपाटात आजोबांची दुनळी असते आणि तिच्याविषयी घरातल्या प्रत्येकाचं ठाम मत असतं. मतं भरपूर, माहिती कमी. ज्यांचा परवाना नुकताच झाला आहे किंवा होऊ घातला आहे अशांसाठी म्हणून हे क्रमवार लिहून काढलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. कट्ट्याविषयी, म्हणजे गावठी पिस्तुलाविषयी, इथे एक ओळही मिळणार नाही. बिनपरवाना हत्यार हा सरळ गुन्हा आहे, आणि पाण्याच्या पाइपाची नळी समोरच्याच्या आधी चालवणाऱ्याचा हात घेते.

पहिली पायरी: मिळतं काय ते समजून घ्या

१९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांच्या चौकटीतच सगळं चालतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. नाइन एमएम, थ्री नॉट थ्री वगैरे बोर (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप) सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. उरतं ते मोजकंच: बारा बोर (छर्ऱ्यांची बंदूक), बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, बावीस बोर, तीनशे पंधरा बोरची रायफल, आणि थोड्यांच्या हाती दिसणारी थर्टी झिरो सिक्स.

परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. दुकानात दिसणारी जुनी विलायती वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर म्हणजे त्याआधी देशात आलेली, दोन-तीन पिढ्यांच्या हातांतून गेलेली. तिची किंमत ऐकून नवखा माणूस दबतो आणि समजतो की एवढे पैसे म्हणजे माल पक्का. तसं नाही. ते पैसे दुर्मिळपणाचे असतात. झिजलेल्या वेब्लीला कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या कोऱ्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त मोजणारे लोक मी पाहिले आहेत, आणि नंतर मिस्त्रीच्या दारात ताटकळलेलेही तेच. उलट, सरकारी कारखान्याचं म्हणजे स्वस्त, हाही गैरसमजच. २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. खऱ्या अर्थाने खिशाला परवडणारी म्हणजे देशी बनावटीची बारा बोर, एकनळी किंवा दुनळी, नवी किंवा जुनी.

दुसरी पायरी: मालकांना विचारा, पण नीट विचारा

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्या ओळखीतले तीन मालक घ्या. पहिले, ठाटीपूरचे एक ठेकेदार. कमरेला बत्तीस बोर, अकरा वर्षं झाली. "एकदाही अडकलं नाही, डोळे मिटून घ्या," असं छातीठोक सांगतात. मी विचारलं, काडतुसं किती झाडलीत? त्यांनी बोटं मोजली. अठरा. म्हणजे सहाच्या तीन फेऱ्या, अकरा वर्षांत. दुसरे, फौजेतून निवृत्त होऊन एटीएमवर पहारा देणारे. बारा बोर रोज खांद्यावर, पण झाडण्याचा प्रसंग वर्षाकाठी एखादा, तोही नाही म्हटलं तरी चालेल. त्यांचं मत: "बंदूक एक नंबर." तिसरा, भोपाळच्या रेंजवर जाऊन ट्रॅप (हवेत उडणाऱ्या तबकड्यांवरची नेमबाजी) खेळणारा आमच्याच नात्यातला पोरगा. तो मात्र कुरकुरतो. काडतुसावर ठोका मारणारी फायरिंग पिन एकदा बदलली, स्प्रिंगा दोनदा, झाडलेलं खोकं बाहेर फेकणारा इजेक्टर मध्येच आळस करतो. त्याची बंदूक दुनळी, सेकंडहँड, तिघांत सर्वांत स्वस्त.

आता सांगा, भरवशाची कुणाची? नवखा माणूस ठेकेदारांचं ऐकतो, कारण त्यांची तक्रार शून्य. पण अठरा काडतुसांत तक्रार यायची कुठून? त्या पोराच्या बंदुकीतून हजारोंनी काडतुसं गेली आहेत. काय झिजतं, कधी झिजतं आणि किती पैशांत दुरुस्त होतं, हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. आपल्याकडे काडतुसं महाग, परवान्यावर वर्षाची संख्या ठरवून दिलेली, आणि झाडायला परवानगीची जागा जवळ नाही. त्यामुळे बहुतेक मालकांचा ‘अनुभव’ हा बंदूक बाळगल्याचा असतो, चालवल्याचा नसतो. लग्नातल्या हवाई फायरचा अनुभव सांगणारेही भेटतील. तो अनुभव कुणी अभिमानाने सांगू लागला तर विषय बदला. २०१९पासून त्या हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

म्हणून मालक भेटला की एवढंच विचारावं: आजवर किती झाडली, त्यातली किती ‘मिस’ गेली, म्हणजे चाप ओढूनही पेटली नाहीत, काडतुसं कुठली आणि किती जुनी, बिघाड झाला तेव्हा सुटा भाग मिळाला का आणि किती दिवसांनी, तेल कुठलं घालता. शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात. का विचारतो ते पुढे येईलच.

तिसरी पायरी: जुनी बारा बोर हातात घेतल्यावर

दुकानात किंवा मालकाच्या घरी, पहिलं काम: नळी जमिनीकडे, बंदूक बिजागरीपाशी उघडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "रिकामीच आहे" हे वाक्य जगातलं सर्वांत महागडं वाक्य आहे.

मग पुढचा लाकडी भाग, ज्याला दुकानदार फोरेंड म्हणतात, तो काढा. बंदूक बंद ठेवून कुंदा पकडून हलकेच हलवा. खटखट झाली, नळ्या डुलल्या, तर बिजागरी झिजली आहे. तशीच बंद बंदूक ट्यूबलाइटसमोर धरा आणि नळ्यांच्या मागच्या टोकाचा सांधा बघा. तिथून उजेडाची रेघ दिसत असेल तर ती बंदूक परत ठेवा आणि चहा पिऊन घरी जा. दुरुस्ती होते, पण स्वस्तात घेतलेली बंदूक त्यानंतर स्वस्त राहत नाही.

नळ्या वेगळ्या करून त्यांच्या खालच्या आकड्यात बोट अडकवून लोंबत धरा आणि लाकडी काठीने हळूच टकटक करा. देवघरातल्या घंटेसारखा लांबणारा नाद आला पाहिजे. फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा जोड कुठेतरी सुटला आहे. मग नळीतून उजेडाकडे बघा. आत एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारख्या सावल्या सरळ ओळीत दिसायला हव्यात. एखादी बांगडी चेपलेली दिसली तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. गंजाचे बारीक खड्डे थोडेफार चालतात. काडतूस बसतं त्या घरात मात्र चालत नाहीत, कारण झाडलेलं खोकं तिथे चिकटतं, आणि मग मालक सांगतो की "इजेक्टर खराब आहे".

आता सर्वांत महत्त्वाचं, जे दुकानदार आपणहून क्वचित सांगतो. जुन्या बंदुकांची घरं बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची, म्हणजे अडीच इंची असतात. आज मिळणारं नेहमीचं काडतूस ७० मिलिमीटरचं, पावणेतीन इंची. ही ७० मिलिमीटर लांबी मोजतात ती झाडल्यावर उघडलेल्या खोक्याची. न झाडलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे आखूड असतं आणि ६५च्या घरात आरामात बसतं. बसतं म्हणूनच धोका. झाडल्यावर दुमड उघडायला जागा नाही, तोंड आवळलं जातं, आतला दाब वाढतो. कधी धक्का जास्त बसतो एवढंच, कधी जुनी नळी फाटते. नळीवरचे ठसे वाचता येत नसतील तर परवानाधारक मिस्त्रीकडून घर मोजून घ्या. आणि नळीवर लाटांसारखी, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती जुनी दमास्कस नळी, काळ्या बारुदाच्या जमान्यातली. भिंतीवर छान दिसते. आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

सौदा ठरला तरी लगेच देवाणघेवाण करता येत नाही. एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकण्याआधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. तोवर बंदूक मालकाकडेच. घाई करणारा विक्रेता दिसला की मला शंका येते.

चौथी पायरी: बत्तीस बोर

रिव्हॉल्व्हरचा मामला सोपा. काडतूस ‘मिस’ गेलं तर पुन्हा चाप ओढायचा, काडतुसांची चकरी फिरते, पुढचं समोर येतं. पिस्तुलात तसं नाही. तिथे मिस गेलेलं हाताने काढावं लागतं. शिवाय बत्तीस बोर पिस्तुलाच्या काडतुसाची कड बुडाशी किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोघं एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल जागच्या जागी गप्प. दोष पिस्तुलाला लागतो, चूक भरणाऱ्याची. भरताना प्रत्येक वरचं काडतूस खालच्याच्या थोडं पुढे राहील असं बघायचं. आणि पिस्तूल अडखळतं म्हणून कुणी विकायला काढलं असेल तर आधी दुसरं मॅगझिन लावून बघा. निम्म्या वेळा आजार तिथेच असतो.

जुनं रिव्हॉल्व्हर घेताना ते रिकामं असल्याची खात्री करून, घोडा ताणलेला असताना चकरी बोटांनी हलवून बघा. किंचित हालचाल ठीक, डुगडुगणं नाही. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची खिट्टी झिजलेली नाही ना, तेही. झाडताना बाजूच्या माणसाला शिशाचे कण लागतात अशी तक्रार मालकाच्या बोलण्यात आली, तर चकरीची घरं नळीशी नीट जुळत नाहीत असं समजा.

एक आजार आपणच विकत घेतो. स्वस्तातल्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, हे खरं. मग कुणीतरी सांगतं, "मिस्त्री स्प्रिंग कापून चाप लोण्यासारखा करून देतो." चाप लोण्यासारखा होतो आणि घोड्याचा ठोकाही लोण्यासारखाच होतो. काडतुसाच्या बुडाशी पेट घेणारी टोपी असते, तिच्यावर पुरेशी खूण उमटत नाही, काडतूस पेटत नाही. आधी धडधाकट असलेलं हत्यार असं बिघडवून घेतलेले किमान चार मालक माझ्या ओळखीत आहेत, आणि चौघंही कारखान्याला शिव्या देतात. जुनं घेताना स्प्रिंग बदलली का, हे विचाराच. जड चापाची सवय होते.

पाचवी पायरी: काडतुसं

बत्तीस बोरच्या डबीवर खडकीचं नाव दिसलं की आपल्या लोकांना उगीच बरं वाटतं. पुण्याजवळचा तो कारखाना १८६९चा. पण बरं वाटून उपयोग नाही, डबी कधीची आहे ते बघा. आणि घरी आल्यावर ती कपाटाच्या वरच्या फळीवर, पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो, मग जुलैत दमट. जुनी कागदी खोक्याची काडतुसं अशा हवेत फुगतात आणि घरात शिरत नाहीत. प्लॅस्टिकची फुगत नाहीत, पण पितळी बुडावर हिरवट डाग चढतात. हिरवा डाग, पोचा, सैल टोपी, यांपैकी काही दिसलं की ते काडतूस बाजूला काढून दुकानदाराला दाखवा. काटकसर इथे नको.

सहावी पायरी: तेलाचा किस्सा

मामा गेले तेव्हा त्यांची दुनळी रीतसर वारसाने माझ्या परवान्यावर आली. बनावट अगदी साधी, देशी, तेव्हाही स्वस्तातली. जानेवारीत भोपाळला रेंजवर नेली. पहाटेची थंडी. उजवी नळी: टक्. काही नाही. डावी: चालली. पुन्हा उजवी: टक्. काडतुसं बदलली, तेच. दुपारी ऊन चढलं तसं उजवी नळीही चालायला लागली. मी म्हटलं, काडतुसं गारठली असतील.

दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने बंदूक उघडली, पिन बाहेर काढली आणि न बोलता माझ्यासमोर धरली. पिनेभोवती पांढरं, मेणासारखं काहीतरी. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "साहब, ये तो चंपी का तेल है." मामी दर दसऱ्याला बंदुकीला खोबरेल लावायची. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत केसांच्या बाटलीतलं गोठतं, तसंच बंदुकीच्या पोटातलंही गोठलं होतं. पिन पुढे जात होती, पण चिखलातून चालल्यासारखी. मामा वीस वर्षं म्हणायचे, उजवी नळी ‘अशुभ’ आहे.

तेव्हा, खोबरेल नाही, मोहरीचं नाही, शिलाई मशीनचंही अडीअडचणीलाच. गन ऑइलची छोटी बाटली घ्या आणि थेंबाने वापरा, पळीने नाही. आमच्या हवेत जास्त तेल म्हणजे धूळ धरायचं काम.

तेलाचं निघालंच आहे तर खंडेनवमीचंही. शस्त्रपूजा आपल्या रक्तातली. मांढरेच्या मातेपाशी शिंदे घराण्याचं शमीपूजन बघायला दसऱ्याला अजूनही गर्दी लोटते. पूजा जरूर करा. पण कुंकवाचं ओलं बोट नळीवर टेकलं की तिथे आठवड्यात तांबूस ठिपका उठतो, आणि अक्षतेचा दाणा चापाच्या फटीत गेला तर तो काढायला मिस्त्री लागतो. मी कुंकू कुंद्याच्या लाकडावर लावतो, फुलं बाजूला ठेवतो आणि संध्याकाळी सगळं पुसून टाकतो. बायको म्हणते देवाला चालतं.

चामड्याच्या किंवा मखमलीच्या पिशवीत वर्षभर गुंडाळून ठेवणंही तसंच. पिशवी ओल धरते. ती प्रवासापुरती.

मधली एक अडचण: निवडणूक

आचारसंहिता लागली की आमच्या जिल्ह्यात शस्त्रं ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचा हुकूम निघतो. २०२४च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. तेवढे दिवस बंदूक पोत्यासारखी एकावर एक रचलेली. जमा करण्याआधी नळीतून तेलाचा फडका फिरवा, पावतीवर नंबर नीट लिहून घ्या, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. परत आली की झाडण्याआधी नळीतून आरपार बघा. आत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर असू शकतं. माझ्या शेजाऱ्यांच्या एकनळीत सापडलं होतं. नळीत अडथळा असताना झाडली तर नळी फुगते, नाहीतर फुटते.

सातवी पायरी: पहिली पन्नास

बंदूक घरी आणून कपाटात ठेवून दिली तर तुम्हीही ते अठरावाले ठेकेदार व्हाल. परवान्यावरच्या काडतुसांपैकी पहिली पन्नास परवानगी असलेल्या रेंजवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली झाडा. एक वही ठेवा: तारीख, काडतूस कुठलं, कुठल्या नळीतून किंवा चकरीच्या कितव्या घरातून, काय झालं. बिघाड एकाच घरात पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष बंदुकीचा. एकाच डबीच्या काडतुसांत होत असेल तर काडतुसांचा. वहीशिवाय हे कळत नाही, फक्त शिव्या देता येतात.

‘टक्’ झालं आणि आवाज नाही आला, तर नळी निशाण्याकडेच ठेवून थांबा. तीस सेकंद तरी. मी मनात साठ मोजतो. कधी कधी बारुद उशिरा पेट घेतं, आणि तेवढ्यात बंदूक उघडलेली असली तर ते तुमच्या तोंडावर. ‘धाड’ऐवजी ‘फुस्स’ झालं तर त्याहून सावध. दुसरा बार टाकायचा नाही, बंदूक रिकामी करून नळी तपासायची. गोळी मध्येच अडकलेली असू शकते.

परवाना अजून आलाच नसेल तर रिकामे बसू नका. ४.५ मिलिमीटर बोरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, फक्त ओळखीचे कागद दाखवावे लागतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ घेतलं तेव्हापासून आमच्या लष्कर भागातली पोरं एअर रायफलीच्या मागे लागली आहेत. स्प्रिंगवाली साधी रायफल घ्या. पहिले दोन-तीनशे छर्रे ती धूर काढते, इकडेतिकडे मारते, स्क्रू ढिले करते. आतलं कारखान्याचं तेल जळेपर्यंत हे चालायचंच, लगेच परत करायला धावू नका. स्क्रू दर शंभर छर्ऱ्यांनी आवळा, आणि छर्रा न घालता कधीही चालवू नका. पुढे हवेची उशी नसल्यामुळे पिस्टन आपटतो आणि सील जातं. माझ्या पहिल्या रायफलीचं तसंच गेलं होतं. भाच्याला "बघ, आवाज कसा येतो" म्हणून दाखवताना.